षटकार कुणाला बसला?

स्कोअरबुकात गोलंदाजाच्या नावापुढे एका षटकासाठी नखाएवढा चौकोन असतो. सहा टिंबं मावतील एवढाच. षटक निर्धाव गेलं की स्कोअरर ती टिंबं रेघेने जोडून इंग्रजी एम काढतो. हा चौकोन आखणाऱ्याने एका षटकात चार-पाच षटकार बसतील याचा विचार केला नव्हता, हे उघड आहे. छत्रपती संभाजीनगरला जामा मशिदीजवळच्या आमखास मैदानावर एका टेनिस बॉल स्पर्धेत माझ्या नावापुढच्या चौकोनात ६, ६, वाइड, ४, ६, १, ६ एवढं सगळं कोंबायची वेळ आली, तेव्हा वही घेऊन बसलेलं पोरगं वैतागलं. षटक संपल्यावर मी टोपी घ्यायला त्याच्याजवळून गेलो, तर मान वर न करता म्हणालं, "मामू, डिब्बे में जगा खतम. बाजूवाले ओवर में लिखूं क्या?" मी म्हटलं, लिही. बाजूचं षटक मला मिळणार नाही, याची खात्री कप्तानाच्या आधी मलाच झाली होती.

त्या तीस धावांचं स्पष्टीकरण मी आजही देऊ शकतो. वारा, बाजूची आखूड सीमारेषा, ओला चेंडू. मार खाल्लेल्या कुठल्याही गोलंदाजाला विचारा, त्याच्याकडे असं स्पष्टीकरण तयार असतं आणि त्यात थोडं तथ्यही असतं. पण ते ऐकायला कुणी थांबत नाही. हे पुस्तक लिहायला घेतलं ते थांबून ऐकावं म्हणून.

आपल्या भाषेची गंमत पाहा. फलंदाज षटकार मारतो, ठोकतो, खेचतो, भिरकावतो, लगावतो. गोलंदाजाच्या वाट्याला एकच क्रियापद येतं. तो मार खातो. बाकी त्याची धुलाई होते, पिसं निघतात, तो कुटला जातो, चोपला जातो. सगळं त्याच्यावर घडतं, तो काहीच करत नाही. प्रत्यक्षात क्रिकेटमधली प्रत्येक गोष्ट त्याच्या हातातून चेंडू सुटल्याशिवाय सुरूच होत नाही. पेपरातले मथळे बघा: अमक्याचा षटकारांचा पाऊस. पाऊस कुणाच्या घरावर पडला ते चौथ्या परिच्छेदात, जागा उरली तर.

कर्नल सी. के. नायडूंचा जन्म नागपूरचा. डिसेंबर १९२६ मध्ये बॉम्बे जिमखान्यावर इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा काढल्या आणि त्यात अकरा षटकार होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळण्याच्या वाटेवरचा हा मोठा टप्पा मानतात, आणि ते रास्तच आहे. पण ते अकरा षटकार कुणाकुणाला बसले हे न अडखळता सांगणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्याला कारणही आहे. क्रिकेटच्या धावफलकात गोलंदाजापुढे चार आकडे येतात: षटकं, निर्धाव, धावा, बळी. किती षटकार खाल्ले याचा रकाना तिथे नव्हताच. तो पुढे संगणकाने दिला. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र चेंडू टाकणाऱ्याच्या नावापुढे त्याने किती होमरन दिल्या याचा हिशेब फार जुना आहे, आणि मला या पुस्तकाचा धागा सापडला तो त्या हिशेबात.

होमरन म्हणजे आपल्या सिक्सरचा अमेरिकन चुलतभाऊ. चेंडू कुंपणापलीकडे गेला की मारणारा चारही बेसना पाय लावून सावकाश धावत घरी येतो. तिथे गोलंदाजाला पिचर म्हणतात. चेंडू टप्पा न घेता साडेसाठ फुटांवरून थेट येतो. या खेळात सगळ्यांत जास्त होमरन कुणी दिल्या? जेमी मोयरने, ५२२. त्याच्याआधी हा विक्रम रॉबिन रॉबर्ट्सच्या नावावर होता, ५०५. एका मोसमात सर्वाधिक दिल्या त्या बर्ट ब्लायलेव्हनने, १९८६ साली, बरोबर ५०. ही नावं वाचताना मी बावळट, हातपाय गाळलेल्या पिचरांची यादी शोधत होतो. निघालं भलतंच. रॉबर्ट्स आणि ब्लायलेव्हन दोघेही तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये आहेत. मोयर ४९ वर्षांचा होईपर्यंत मोठ्या लीगमध्ये चेंडू टाकत होता आणि त्याच्या नावावर २६९ विजय आहेत.

म्हणजे पाचशे होमरन द्यायच्या तर आधी कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं तुमच्या हातात चेंडू ठेवला पाहिजे. ज्याला खरोखरच टाकता येत नाही त्याच्या नावावर पाचशे होमरन लागतच नाहीत. वीस-तीसवर त्याला घरी पाठवतात. माझ्यासारखे चारवरच थांबतात.

ही मोजणी घेऊन मी आपल्याकडे आलो. कसोटीत सर्वाधिक षटकार खाल्लेल्यांच्या यादीत वर कोण आहे? ऑस्ट्रेलियाचा नेथन लायन, पाचशेहून अधिक बळी. त्याच्या मागे मुथय्या मुरलीधरन, ८०० बळी. आयपीएलमध्ये दोनशेहून अधिक षटकार खाल्लेल्यांत पीयूष चावला आणि युझवेंद्र चहल आहेत. चावलाचे बळी १९२, आणि या स्पर्धेत दोनशे बळींचा टप्पा पहिल्यांदा गाठला तो चहलनेच. बदनामांची यादी म्हणून उघडली आणि मानकऱ्यांची निघाली. मनगटाने किंवा बोटांनी चेंडू फिरवणारे, चेंडूला उंची देणारे, कप्तानाने अडचणीच्या वेळी ज्यांच्याकडे पाहिलं असे हे लोक.

रॉबर्ट्सच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जाणकार सांगतात. त्याचा चेंडूवर ताबा इतका होता की तो फलंदाजाला फुकट बेस फारसे देत नसे. चेंडू सतत मारण्याजोग्या पट्ट्यात येई, म्हणून कधीकधी तो लांब जाई. होमरनची भीती वाटणारा पिचर पट्ट्याबाहेर टाकत राहतो आणि फलंदाजाला चालत पहिल्या बेसवर नेऊन बसवतो. आपल्याकडचा वाइड म्हणजे हीच भीती. सिक्सर वाचवायला ऑफच्या बाहेर फेकलेल्या वाइडबद्दल कुणी गोलंदाजाला नावं ठेवत नाही, एक धाव तर गेली, म्हणतात. माझ्या त्या षटकातला वाइड हा माझा सगळ्यांत भित्रा चेंडू होता. त्याला मात्र टाळ्या पडल्या.

इथे बापूंचं, म्हणजे बापू नाडकर्णींचं नाव काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. जन्म नाशिकचा, डावखुरी फिरकी, आणि जगात कंजूष गोलंदाज म्हटलं की हेच नाव. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी सलग २१ निर्धाव षटकं टाकली. डावातलं पृथक्करण होतं ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, शून्य बळी. सरावाला ते खेळपट्टीवर नाणं ठेवून त्याच्यावर टप्पा टाकत, ही गोष्ट आमच्या पिढीतल्या प्रत्येक डावखुऱ्या पोराला कुणी ना कुणी सांगितलेली आहे. मीही नाणं ठेवून पाहिलं. ते हरवलं. बापूंविषयी माझ्या मनात आदरच आहे, पण त्या पृथक्करणातला शेवटचा आकडा आपण हळूच गिळतो. शून्य बळी. आणि सामना अनिर्णित राहिला.

आता दुसरा डावखुरा फिरकी गोलंदाज, तिलक राज. १० जानेवारी १९८५, वानखेडे स्टेडियम, रणजी सामना, मुंबई विरुद्ध बडोदा. रवी शास्त्रीने त्याच्या एका षटकात सहा षटकार मारले आणि ११३ मिनिटांत नाबाद दोनशे केल्या. एकूण तेरा षटकार, तेरा चौकार. दोन तपशील मला या घटनेपेक्षाही मोठे वाटतात. पहिला, मारणाराही मूळचा डावखुरा फिरकी गोलंदाजच होता. उंची दिलेल्या चेंडूच्या मागे बोटं काय करतात हे त्याच्याइतकं कुणाला कळणार? दुसरा, जेमतेम पाच दिवसांपूर्वी कलकत्त्याला संपलेल्या इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत हाच शास्त्री पाचही दिवस फलंदाजीला उतरला होता आणि १११ धावांसाठी त्याने सात तासांहून जास्त वेळ घेतला होता. तिलक राजला चेंडू देणाऱ्याने समोर कोण आहे ते पाहून दिला असणार. समोर रटाळ फलंदाजीसाठी बोलणी खाणारा माणूस उभा होता. त्या क्षणी तो निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. आणि हो, इतकं सगळं होऊनही हा सामनाही अनिर्णितच राहिला.

बापूंच्या २१ निर्धाव षटकांचा सामना अनिर्णित आणि तिलक राजच्या सहा षटकारांचा सामनाही अनिर्णित. एक दंतकथा झाला, दुसरा प्रश्नमंजूषेतलं उत्तर. निकाल दोघांचा सारखा.

तिलक राजच्या आधी असा मार खाल्लेला एकच होता. माल्कम नॅश, ग्लॅमॉर्गन. ३१ ऑगस्ट १९६८ ला स्वान्सी इथे गारफिल्ड सोबर्सने त्याला सहा षटकार मारले. नॅश खरं म्हणजे डावखुरा मध्यमगती गोलंदाज, त्या दिवशी फिरकी करून पाहत होता. पाचवा चेंडू क्षेत्ररक्षकाने झेलला होता, पण तो सीमारेषेपलीकडे कोसळला. सहावा मैदानाबाहेर रस्त्यावर गेला. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. नऊ वर्षांनी, १९७७ मध्ये, त्याच मैदानावर फ्रँक हेजने त्याच नॅशच्या एका षटकात ३४ धावा काढल्या, हे कमी जणांना. आणि नॅशने प्रथम श्रेणीत ९९३ बळी घेतले, हे तर जवळजवळ कुणालाच नाही. हजाराला सात कमी. माझ्या हाती असतं तर मी त्याच्या नावापुढे आधी हा आकडा छापला असता.

बेसबॉल आणि क्रिकेट यांत एक फरक आहे आणि तो गोलंदाजाच्या जिवावर बेततो. पिचरला लागोपाठ दोन होमरन बसल्या की मॅनेजर सावकाश चालत मैदानात येतो, हात पुढे करतो, चेंडू घेतो, पिचर मान खाली घालून बाहेर जातो. क्रिकेटमध्ये तशी सोय नाही. षटक सुरू केलंत की सहा चेंडू तुम्हीच टाकायचे. दुखापत झाली तर गोष्ट वेगळी, पण अब्रू गेली हे कारण पंच मान्य करत नाहीत. तिसरा षटकार बसल्यावर चेंडू परत येईपर्यंत जो वेळ जातो तो मी अनुभवला आहे. चेंडू कुठल्यातरी गाडीखाली गेलेला असतो, दोन पोरं वाकून शोधत असतात, यष्टिरक्षक उगाच ग्लोव्हज काढतो-घालतो, कप्तान बोटाने क्षेत्ररक्षकांना दहा पावलं मागे सरकवतो. ते आधीच सीमारेषेवर उभे असतात, आणखी मागे गेले तर चहाच्या टपरीत जातील. तुमच्याशी मात्र कुणी बोलत नाही.

याच एकटेपणातून २८ नोव्हेंबर २०२२ ला शिवा सिंग गेला. अहमदाबाद, विजय हजारे करंडकाची उपउपांत्य फेरी, महाराष्ट्र विरुद्ध उत्तर प्रदेश, ४९ वं षटक. समोर पुण्याचा ऋतुराज गायकवाड. पहिले चार चेंडू, चार षटकार. पाचवा नोबॉल, तोही षटकार. मग फ्री हिट, षटकार. मग शेवटचा, सातवा षटकार. एका षटकात ४३ धावा. ऋतुराज नाबाद २२०, महाराष्ट्र ५ बाद ३३०. मी घरी फोनवर स्कोअर बघत होतो आणि आकडा बदलत नव्हता म्हणून नेट गेलं असं समजून फोन दोनदा बंद-चालू केला. महाराष्ट्राचा माणूस म्हणून आनंद झाला. डावखुरा फिरकी गोलंदाज म्हणून पोटात गोळा आला.

शिवा सिंग २०१८ चा एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकलेल्या भारतीय संघात होता. त्याच वर्षी एका स्थानिक सामन्यात धावत येता येता त्याने स्वतःभोवती पूर्ण गिरकी घेऊन चेंडू टाकला आणि पंचांनी तो मृत चेंडू ठरवला, म्हणून तो थोडा गाजलाही होता. म्हणजे डोकं चालवणारा पोरगा. आता त्या सामन्याचा हिशेब नीट करू. उत्तर प्रदेशचा डाव २७२ वर संपला, महाराष्ट्र ५८ धावांनी जिंकला. त्या षटकातल्या ४३ च्या ४३ धावा पुसून टाकल्या तरी उत्तर प्रदेश पंधरा धावांनी मागे राहतो. तुळजापूरच्या राजवर्धन हंगरगेकरने पाच बळी घेतले, ते त्या षटकाने दिले नव्हते. तरी पराभवाचं बिल कुणाच्या नावावर फाटलं ते सांगायला नको.

शेवटच्या चेंडूवरचा मार आणखी वेगळा. १८ एप्रिल १९८६, शारजा. पाकिस्तानला एका चेंडूत चार हव्या होत्या, चेतन शर्माचा फुलटॉस पडला आणि जावेद मियाँदादने तो प्रेक्षकांत पाठवला. ज्यांनी तो टीव्हीवर पाहिला ते अजून त्याविषयी घरातल्या भांडणासारखं बोलतात. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत ब्लायलेव्हन मिनेसोटा ट्विन्ससाठी त्या पन्नास होमरन देत होता. दोघांना एकमेकांची गंधवार्ता असण्याचं कारण नाही. पण पुढचं वर्ष पाहा. १९८७ मध्ये ब्लायलेव्हनने आणखी ४६ होमरन दिल्या, पंधरा सामने जिंकले, आणि २५ ऑक्टोबरला त्याचा संघ वर्ल्ड सिरीज जिंकला. बरोबर सहा दिवसांनी, ३१ ऑक्टोबरला, नागपूरच्या व्हीसीए मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडच्या रुदरफर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांना लागोपाठ तीन चेंडूंवर त्रिफळाचीत केलं. विश्वचषकातली ती पहिली हॅट्ट्रिक. योगायोग आहे, मान्य. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती: कुणीतरी चेंडू पुन्हा त्याच हातात दिला होता. नागपूरच्या त्या दिवसाची आठवण काढताना लोक सुनील गावसकरचं एकदिवसीय सामन्यातलं एकमेव शतक सांगतात. चेतन शर्माच्या बाबतीत अजून शारजाच आधी येतं.

स्टुअर्ट ब्रॉडचं ठाऊकच आहे. २००७ मध्ये डर्बनला युवराजने सहा मारले, आणि निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ६०४ कसोटी बळी होते. त्याच्यावर वेगळं प्रकरण लिहिलेलं नाही, त्याला माझी गरज नाही.

मला जास्त रस वाटतो तो वानखेडेवर १७ डिसेंबर २०१८ ला जे झालं त्यात. पुन्हा मुंबई विरुद्ध बडोदा, पुन्हा रणजी, पुन्हा डावखुरा फिरकी गोलंदाज. शिवम दुबेने स्वप्निल सिंगच्या एका षटकात पाच षटकार मारले. दुसऱ्या दिवशी आयपीएलचा लिलाव होता आणि दुबेला पाच कोटी मिळाले. एका गोलंदाजाच्या वाईट षटकाची किंमत इतक्या लवकर आणि इतक्या रोख स्वरूपात ठरल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. फक्त पैसे दुसऱ्याच्या खात्यात गेले. तेरा-चौदा महिन्यांनी, २ फेब्रुवारी २०२० ला, न्यूझीलंडमध्ये माउंट मॉन्गानुईला याच दुबेच्या एका षटकात सायफर्ट आणि टेलर यांनी मिळून ३४ धावा काढल्या. भारत तो सामना सात धावांनी जिंकला, म्हणून ते षटक आठवणीतून निसटलं. एरवी दुबेचाही तिलक राज झाला असता.

९ एप्रिल २०२३ ला अहमदाबादला रिंकू सिंगने यश दयालच्या शेवटच्या पाच चेंडूंवर पाच षटकार मारून कोलकात्याला जिंकून दिलं. पुढच्या वर्षी १८ मे ला बंगळूरकडून खेळताना याच दयालला शेवटचं षटक मिळालं. समोर महेंद्रसिंग धोनी. बाद फेरी गाठायला चेन्नईला त्या षटकात सतरा धावा हव्या होत्या. पहिला चेंडू मैदानाबाहेर गेला. दुसऱ्यावर धोनी झेलबाद. उरलेल्या चार चेंडूंत एक धाव. तो पहिला षटकार बसल्यावर दयालच्या डोक्यात अहमदाबाद आलं नसेल असं कसं म्हणावं? त्याने पुढचा चेंडू हळू टाकला, एवढंच आपल्याला दिसलं. चेन्नईचा कप्तान त्या रात्री ऋतुराज होता, संघात दुबे होता, आणि बंगळूरने त्या मोसमात स्वप्निल सिंगलाही घेतलेलं होतं. मारणारे आणि मार खाणारे सगळे एका सामन्याभोवती गोळा झाले होते. या वेळी मार खाणाऱ्यांचा संघ पुढे गेला.

आता थोडं तांत्रिक, कारण षटकार हवेतून उगवत नाही. फिरकी गोलंदाज चेंडूला उंची देतो तेव्हा तो फलंदाजाला पुढे बोलावत असतो. फलंदाजाचा पाय टप्प्यापर्यंत पोचला तर चेंडू गच्चीत जातो. टप्पा वीतभर अलीकडे पडला तर तोच फटका वर उडतो आणि लाँगऑनच्या हातात बसतो, किंवा यष्टिरक्षक बेल्स उडवतो. बळी आणि षटकार यांत वीतभर अंतर आहे. ते वीतभर अंतर ज्याला नको, त्याने चेंडू सपाट आणि वेगात टाकावा. धावा कमी जातील, बळीही कमी मिळतील. बिशनसिंग बेदी षटकार बसल्यावर फलंदाजासाठी टाळ्या वाजवायचे, हे आम्हाला लहानपणी दिलदारपणाचं उदाहरण म्हणून सांगायचे. मला आता वाटतं त्यात दिलदारपणाइतकाच डावही होता. पुढचा चेंडू किंचित हळू आणि किंचित आखूड येणार असायचा.

या वीतभराच्या खेळात दुसऱ्या पक्षाला मदत मात्र भरपूर मिळाली. इंग्लंडात १९१० पर्यंत सहा धावा मिळवायला चेंडू मैदानाच्याच बाहेर घालवावा लागे, सीमारेषा ओलांडून भागत नसे. आता दोर आत ओढतात आणि जाहिरातीच्या पट्ट्यांपलीकडे मोकळी जागा ठेवतात. आंतरराष्ट्रीय सामन्यात सीमारेषा ६५ यार्डांपर्यंत जवळ आणता येते. बॅटच्या कडा इतक्या जाड झाल्या की २०१७ मध्ये नियमाने ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. गोलंदाजाच्या हातातला चेंडू मात्र आहे तेवढाच राहिला. २००८ च्या आयपीएलमध्ये षटकार सहाशेच्या घरात होते, २०२४ मध्ये बाराशेच्या पुढे. या वाढीचं श्रेय फलंदाजांच्या ताकदीला देणारे लोक दोराविषयी गप्प असतात.

म्हणून प्रत्येक मार खाल्लेला गोलंदाज शूर होता असं मी म्हणणार नाही. काही जण खरोखरच वाईट टाकत होते. त्यांनाही पुस्तकात जागा दिली आहे, पण वाईट ते वाईटच म्हटलं आहे. माझं आमखासवरचं षटक मी त्यांतच घातलं आहे.

मराठवाड्यातून या विषयाकडे पाहताना एक गोष्ट टोचते. छत्रपती संभाजीनगरात जन्मलेला इक्बाल सिद्दिकी महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षं वेगवान गोलंदाजी करत राहिला, प्रथम श्रेणीत तीनशेहून अधिक बळी घेतले, आणि डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध एकच कसोटी खेळला. त्याच कसोटीत बीडला जन्मलेला संजय बांगरही पहिल्यांदा भारताकडून उतरला. मराठवाड्याचे दोन मुलगे एका कसोटीत पदार्पण करत होते. इक्बालला एक बळी मिळाला, ग्रॅहम थॉर्पचा. आणि सामना जिंकायला पाच धावा उरल्या तेव्हा त्याला गंमत म्हणून सलामीला पाठवलं, त्या पाचही त्याने काढल्या. आमच्या शहरात या गोलंदाजाची जी आठवण सगळ्यांत जास्त सांगितली जाते, ती त्याच्या फलंदाजीची.

त्याच्याआधीचे आणि नंतरचे, गरवारे स्टेडियमवर, आमखासवर, सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर, विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत मॅटिंगवर दिवसभर टाकत राहिलेले गोलंदाज कुठे आहेत? त्यांच्या संघातल्या फलंदाजांची शतकं लोकांना तोंडपाठ आहेत. ज्याने ती शतकं होऊ दिली, किंवा होऊ दिली नाहीत, त्याचं नाव विचारलं की "अरे तो नव्हता का, उंच, काळासावळा" इथे गाडी अडते. या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांच्यावर लिहायचं होतं. ते आठ पानांत संपलं, कारण हाती फक्त तीन स्कोअरबुकं लागली. त्यांतल्या एकाला वाळवी लागली होती, एकावर कुणीतरी दुधाचा हिशेब लिहिला होता.

तुमच्या माळ्यावर, मंडळाच्या कपाटात, शाळेच्या क्रीडासाहित्याच्या पेटीत अशी जुनी वही असेल तर रद्दीत घालू नका. वरचं पान फाटलेलं असलं, फलंदाजांची नावं गेली असली तरी चालेल. खालचा अर्धा भाग शाबूत आहे का तेवढं बघा, गोलंदाजांची नावं तिथे असतात.